अबोल्यात मुरलेली बरणी

मी बोलतेय. इकडे, खिडकीत बघा. काठाचा टवका उडालेली, पोटात कपडे वाळत घालायचे चिमटे भरलेली काचेची बरणी दिसतेय ना, ती मी. माझ्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण गेल्या ईस्टरला मी एका घरातली जेवायला बसलेली सगळी माणसं मारायला निघाले होते.

स्वतःहून नव्हे. बरणी स्वतःहून काही करत नाही. तिच्यात जे भराल ते ती सांभाळते. माझा दोष म्हणाल तर एवढाच, की मी फार चांगलं सांभाळलं.

माझा जन्म इंडियानातल्या एका काचेच्या कारखान्यात झाला. तिथल्या भट्टीचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते मिनेसोटातलं हे तळ्याकाठचं गाव आणि सेल्माबाईंचं स्वयंपाकघर. सेल्माबाई म्हणजे माझी पहिली मालकीण. उन्हाळाभर त्यांच्या ओट्यावर आमची रांग लागायची. चेरी, टोमॅटो, काकडीचं लोणचं, शेंगा, मका. बाहेर बर्फ पडायला लागलं की आम्ही तळघरातून एकेक करून वर यायचो आणि त्या घराचा हिवाळा गोड व्हायचा.

आमच्या झाकणाचे दोन भाग असतात. एक पत्र्याची चकती, तिच्या कडेला रबर, आणि ती जागेवर धरायला आट्यांचं कडं. भरलेली बरणी उकळत्या पाण्यातून काढून टॉवेलवर निवत ठेवली की आतली हवा आक्रसते, चकती खाली ओढली जाते आणि ‘टिंग’ असा आवाज होतो. आम्हा बरण्यांना बोलता येतो तो एवढा एकच शब्द. इथल्या बायकांना तो फार आवडतो. बरण्या निवत असल्या की घरातली माणसं हळू आवाजात बोलतात, टिंग झालं की एकमेकांकडे बघून हसतात.

सेल्माबाईंना दोन मुली. थोरली लाडोना आणि धाकटी आर्डिस. आर्डिस टॉवेलपाशी हनुवटी टेकून बसायची आणि टिंग झालं की टाळ्या पिटायची.

“आई, वाजली! आता ही कायमची चांगली राहणार ना?”

“टिंग म्हणजे दार लागलं, एवढंच,” सेल्माबाई म्हणायच्या. “आत कोण कोंडलंय ते टिंगला काय ठाऊक?”

मग त्या लाडोनाला जवळ बोलावून तिचा अंगठा माझ्या डोक्यावर ठेवायच्या. “उघडायच्या आधी दाबून बघायचं. चकती हलली, टक वाजली, की बरणी गेली. वास घ्यायचा नाही, जिभेला लावायचं तर नावच नको.”

सेल्माबाईंचा एक नियम होता. आंबट असेल ते उकळत्या पाण्यात. आंबट नसेल ते सगळं बरण्यांच्या कुकरात. हा कुकर म्हणजे चार बरण्या एकाच वेळी पोटात घेणारं अवजड धूड होतं, वर काटा, कडेला पकडीचे स्क्रू. तो फुसफुसायला लागला की मांजर घराबाहेर जायचं. तळ्यापलीकडच्या हॉग्लंड मंडळींनी एका वर्षी कंटाळा केला आणि शेंगा नुसत्या उकळत्या पाण्यात काढल्या. त्यांच्या बरण्यांचंही टिंग झालं होतं म्हणे. मातीतलं काहीतरी असतं, ते उकळत्या पाण्याला दाद देत नाही आणि हवा नसली की त्याला उलट बरं वाटतं. आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसायला लागतात. मग जीभ अडखळते. मग श्वास. हॉग्लंडांच्या घरातून एकाच आठवड्यात ज्या शवपेट्या निघाल्या त्यांची गोष्ट सेल्माबाई दर उन्हाळ्यात सांगायच्या, आणि मी शेल्फावर बसून ऐकायचे. त्या गोष्टीतल्या बरण्यांची मला लाज वाटायची. आपण तसल्या नाही, असं मला वाटायचं.

सेल्माबाई गेल्या तेव्हा दोघी बहिणींनी सामान वाटून घेतलं. लाडोना कुकर घेऊन गेली. आर्डिस म्हणाली, “ते धूड तुलाच लखलाभ. मला बरण्या दे.” तर अशी वाटणी झाली. कुकराबरोबर नियम गेला आणि बरण्यांबरोबर टिंग आलं.

आर्डिस वाईट बाई नव्हती हो. आजही माझं तिच्याबद्दल वाईट मत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं, निवृत्त झाली, आणि गावच्या साप्ताहिकात ‘स्वस्त आणि मस्त’ नावाचं सदर लिहायला लागली. पहिल्यापासूनच तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. आता ते छापून यायला लागलं. आर्डिस लिहायची ओट्याशी उभी राहून, मोठ्यानं बोलत, आणि नवरा व्हर्लिन समोर बसून मान हलवायचा.

“अकरा डॉलरच्या पुढची वाईन म्हणजे बाटलीवरच्या चित्राचे पैसे. लिहू का असं?”

“लिही.”

“खोक्यातल्या लाल वाईनला नाकं मुरडू नका. खोकं फुटत नाही, सांडत नाही, आणि किती प्यायलात ते नवऱ्याला दिसत नाही.”

“मला दिसतं.”

“तू गप रे. मिठाईचं काय लिहू? खारं लिकोरिस, म्हणजे ज्येष्ठमधाची ती काळी गोळी, आवडत असेल तर तुम्ही नॉर्वेतून आलात. आवडत नसेल तर तुम्ही शहाणे आहात. शेंगदाण्याची चिक्की छान, पण कवळी असलेल्यांनी आधी पास्टरना फोन करून ठेवावा.”

गाव पोट धरून हसायचं. लसूण चिरडायच्या यंत्राला तिनं “दोन पाकळ्यांसाठी अर्धा तास घासकाम” म्हटलं आणि गावातल्या निम्म्या घरांतून ते यंत्र दारातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत निघालं. लिंबू पिळायच्या विजेच्या खेळण्याची तीच गत झाली. आर्डिसच्या शब्दाला वजन होतं. शब्द मात्र ती हलक्यानंच टाकायची, जाता जाता, वाईनचा घोट घेता घेता.

मग एका शरद ऋतूत तिला सॉस सुचला. चॉकलेट, लोणी आणि खोक्यातली लाल वाईन. आइस्क्रीमवर ओतायचा. व्हर्लिनला मधुमेह, म्हणून तिनं साखर निम्मी केली. पातेल्यात घट्ट होईपर्यंत आटवला आणि आमच्यात भरला. उकळत्या पाण्यात आम्हाला बुडवताना मला सेल्माबाईंचा नियम आठवला. चॉकलेट काही आंबट नसतं. पण मी कोण सांगणार? टॉवेलवर निवता निवता मला जे येतं तेच मी बोलले. टिंग.

“झालं!” आर्डिस खूश होऊन म्हणाली. व्हर्लिननं पातेल्यात उरलेला चमचाभर चाखला आणि विचार करून सांगितलं, “वाईट नाही.” या गावात याच्यापेक्षा मोठं कौतुक नाही.

बाकीच्या बरण्या आठवडाभरात वाटून झाल्या. पास्टर, लाडोनाच्या शेजारच्या क्विस्टबाई, टपालवाला. सगळ्यांनी लगेच खाऊन फस्त केला, आणि ताजा होता म्हणून कुणाला काही झालं नाही. रस्त्यात भेटेल तो आर्डिसला सांगायचा, काय सॉस झालाय! मला मात्र तिनं बाजूला ठेवलं. मी आईची बरणी, म्हणून मी लाडोनाला द्यायची. माझ्या झाकणावर तिनं लाल-पांढऱ्या चौकड्यांचा गोल फडका घातला आणि फीत बांधली. इथं भेट द्यायची बरणी अशीच सजवतात. तेव्हापासून माझी चकती कुणाला दिसली नाही.

दुसऱ्याच दिवशी सदर छापून आलं. त्यात सॉसची फुशारकी होती आणि शेवटी एक वाक्य होतं. बरण्यांचे ते आजीच्या काळातले कुकर आता भंगारात काढा नाहीतर त्यात फुलं लावा, उकळतं पाणी सगळ्याला पुरतं.

लाडोना तो अंक हातात घेऊनच आली. कोटसुद्धा काढला नाही.

“आर्डी, आईच्या कुकरात मी फुलं लावू?”

“तुझ्या कुकराचं नाव घेतलंय का मी कुठं? आख्ख्या गावात काय तो एकच आहे?”

“आता एकच राहील. तुझं वाचून बाकीचे जातील भंगारात.”

“अगं गंमत असते ती! लोक हसतात, विसरतात. बस ना. कॉफी टाकते.”

“हा सॉस तू नुसत्या पाण्यात काढलास?”

“टिंग झालंय प्रत्येकीचं. माझ्या कानांनी ऐकलंय.”

“चॉकलेटचा सॉस, आर्डी. साखरही कमी.”

“वाईन आहे त्यात! वाईनमध्ये काय जगणार आहे?”

“ती तर आटवून उडवलीस तू.”

आर्डिसचे कान लाल झाले. तिनं मला उचललं आणि बहिणीपुढे धरलं. “आख्ख्या गावानं खाल्लाय. कुणाला साधा ढेकर आला नाही. ही तुझ्यासाठी ठेवलीय. आईची बरणी आहे.”

आणि लाडोना म्हणाली, “मला नको.”

तुम्हाला यात काय विशेष वाटणार? पण इथं कुणी कुणाला असं म्हणत नाही. इथं एखादी गोष्ट नको असेल तर आधी ‘अगं कशाला’ म्हणतात, मग ‘आमच्याकडे आहे गं’ म्हणतात, मग घेतात आणि घरी जाऊन टाकून देतात. तोंडावर ‘नको’ म्हणजे थोबाडीत मारल्यासारखं. आर्डिसनं मला ओट्यावर ठेवलं आणि बहिणीसाठी दार उघडून धरलं. त्या दिवसापासून दोघींचा अबोला सुरू झाला.

आर्डिसनं मला तळघरात नेऊन ठेवलं, घर तापवणाऱ्या भट्टीशेजारच्या फळीवर. बाहेर तळं गोठलं, लोक त्यावर गाड्या घेऊन मासे धरायला गेले. मी मात्र उबेत होते. सगळा हिवाळा मी उबेत होते. वर व्हर्लिन अधूनमधून म्हणायचा, “फोन कर की तिला.” आर्डिस म्हणायची, “तिनं करावा.” लाडोनाच्या घरीही असंच काही चाललं असणार.

आणि माझ्या पोटात काहीतरी जागं झालं.

आवाज नव्हता. वास नव्हता. बुडाशी एक बारीक बुडबुडा आला, काचेवरून सरकत वर गेला. काही दिवसांनी आणखी एक. माझी चकती मधोमध खोलगट होती, ती हळूहळू सपाट झाली, मग किंचित वर आली. फडक्याखाली ते कुणाला दिसणार? मी दार इतकं घट्ट लावून बसले होते की हवेचा कणही आत येत नव्हता, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं. हॉग्लंडांच्या बरण्यांना मी नावं ठेवली होती. आता मी त्यांच्यातलीच झाले. मला फार भीती वाटली.

त्या दोघी ख्रिसमसला बोलल्या असत्या तरी चाललं असतं. मी तेव्हा अजून बरी होते. पण अबोला लांबला, आणि जितका तो लांबला तितकं ते माझ्यात वाढलं.

शेवटी व्हर्लिननंच मध्यस्थी केली. चर्चमध्ये लाडोनाला गाठलं आणि म्हणाला, “ईस्टरला हॅम करतेयस का? नाही, आमच्याकडे आर्डिस यंदा डब्यातला ट्यूना मासा करायचं म्हणतेय.” लाडोना हसली. “या मग दोघं,” ती म्हणाली.

आर्डिस मला घेऊन गेली. खोक्यातली नको, आज बाटलीतली घेऊ, म्हणून एक बाटलीही घेतली. दारातच दोघींनी एकमेकींना मिठी मारली, इथल्या रीतीनं, कोट न काढता, अर्धी. मग लाडोनानं दोन्ही हातांनी मला घेतलं.

“आईची बरणी,” ती म्हणाली. “आर्डी, कशाला गं एवढं.”

“राहू दे. तुझ्यासाठीच ठेवली होती.”

लाडोनाचा अंगठा सवयीनं माझ्या झाकणाकडे आला. फडक्यावर टेकला. दाब, मी म्हणत होते, दाब बाई! पण आर्डिस समोर उभी होती, डोळे न हलवता तिच्या अंगठ्याकडे बघत. लाडोनानं अंगठा काढून घेतला आणि मला आत ओट्यावर ठेवलं.

जेवण छान झालं असावं. मला ओट्यावरून नुसते आवाज ऐकू येत होते. हॅम, बटाटे, काट्यांचा किणकिणाट. आर्डिसला कंठ फुटला होता.

“ही वाईन चौदा डॉलरची. चौदा! चव विचाराल तर ओल्या कुत्र्याची आहे, पण कुत्रं चांगल्या घरातलं.”

व्हर्लिन खो खो हसला. लाडोनाही हसली. मग ती म्हणाली, “बसा तुम्ही, आइस्क्रीम आणते,” आणि एकटी स्वयंपाकघरात आली.

तिनं फीत सोडली. फडका काढला. आता तिला बघणारं कुणी नव्हतं. तिनं अंगठा माझ्या डोक्यावर ठेवला आणि दाबला.

टक.

तिनं पुन्हा दाबला. टक. खोलीतून आर्डिसचा आवाज आला, “सॉस गरम नको करूस गं, थंडच छान लागतो!”

लाडोनानं दाराकडे बघितलं. तिच्या ओठांवर ते आलं होतं, मी बघितलं. बाहेर जाऊन तिनं एवढंच म्हणायचं होतं, आर्डी, बरणी टक वाजते. बस्स. पण मागच्या वेळी एक शब्द बोलली आणि बहीण सगळा हिवाळा दुरावली. आज कुठं ती हसायला लागली होती. लाडोनानं मला उचललं, फरशीच्या वर धरलं, हलकेच म्हणाली, “आई, माफ कर,” आणि हात सोडला.

आमची जुनी काच जाड. मी फुटले नाही. काठाचा टवका उडाला, झाकण उसळलं आणि ते सगळं काळं, गोड, चकचकीत फरशीवर पसरलं. आवाज ऐकून आर्डिस धावत येईपर्यंत लाडोनानं रबरी हातमोजे चढवले होते आणि ती गुडघ्यांवर बसून ब्लीचनं फरशी पुसत होती.

“आईची बरणी!” आर्डिस ओरडली. मग तिची नजर हातमोज्यांवर गेली, ब्लीचच्या बाटलीवर गेली. “सॉस पुसायला ब्लीच?”

“हात निसटला गं.”

“हात निसटला? तुझा? तू तर आयुष्यात कधी चमचा पाडला नाहीस, लाडोना. टाकलीस तू. मुद्दाम.”

आता तरी सांग, मी म्हणत होते. आत्ता सांग.

“हात निसटला,” लाडोना खाली बघून म्हणाली.

आर्डिसनं कोट घेतला आणि मागच्या दारानं गेली. व्हर्लिननं एकदा त्या दाराकडे बघितलं, एकदा लाडोनाकडे. “हॅम छान होतं,” तो म्हणाला आणि तिच्यामागून निघाला.

लाडोनानं मला खूप वेळ उकळत ठेवलं, घासघास घासलं. टाकून देववेना. काठ फुटलेल्या बरणीला झाकण बसत नाही, टिंग होत नाही. म्हणून तिनं माझ्यात चिमटे भरले आणि मला खिडकीत ठेवलं. मला वाटलं होतं, सुटलो आपण सगळे.

पण आर्डिसला खरं काय ते ठाऊकच नव्हतं ना. तिला ठाऊक होता तो फक्त अपमान. उन्हाळ्यात तिनं ठरवलं की चर्चच्या शरदातल्या जेवणाला गावासाठी सॉस करायचा, पाहिजे तेवढा. बरण्या भरल्या आणि चर्चच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीतल्या मांडणीवर रचून ठेवल्या. सदरात आख्खी कृती छापली. खाली लिहिलं, ‘काही लोकांना सॉस पुसायलासुद्धा ब्लीच लागतं, त्यांनी ही करू नये.’

लाडोनानं ते इथं, माझ्याशेजारी उभं राहून वाचलं. पेपर घडी करून ठेवला. फोनपाशी गेली, परत आली. “कुणीतरी सांगेलच तिला,” ती स्वतःशीच म्हणाली. कोण सांगणार? ज्यांना ठाऊक होतं ते कुकराबरोबर भंगारात गेले. समोर क्विस्टबाईंचं स्वयंपाकघर दिसतं. त्यांनीही उन्हाळ्यात सॉस केला आणि खिडकीत बरण्या निवत ठेवल्या. टिंग. टिंग. क्विस्टबाई टाळ्या वाजवत होत्या, लहानपणच्या आर्डिससारख्या. लाडोनानं खिडकी लावून घेतली.

रोज ती ठरवायची की उद्या बोलू, आणि उद्या आला की तिला ते ब्लीचचं वाक्य आठवायचं. मी तिला दोष देत नाही. पण मला तिचा राग येतो, खोटं कशाला बोलू.

जेवण आज आहे.

दुपार कलल्यावर क्विस्टबाई कोट घालून मागच्या दारी आल्या. “लाडोना, येत नाहीस? आर्डिसचा सॉस आहे. उन्हाळ्यापासून ठेवलाय, आता कसा छान मुरलाय म्हणते. मीही आज आणखी एक घाणा काढला घरी, निवतोय बघ ओट्यावर.”

“मुरलाय,” लाडोना म्हणाली. तिचा हात माझ्या काठावर होता. अंगठा टवक्यावरून फिरत होता.

“पाचला वाढणार आहेत. येच तू. किती दिवस धरून बसाल दोघी?” असं म्हणून क्विस्टबाई गेल्या.

लाडोनानं टवक्यावरून अंगठा काढला. मग फोनपाशी गेली आणि या वेळी परत फिरली नाही. तो भिंतीवरचा जुना फोन आहे, रिसीव्हरमधून समोरच्याचं बोलणं मला इथपर्यंत ऐकू येतं. फोन व्हर्लिननं उचलला.

“आर्डिस कुठाय?”

“चर्चमध्ये. सकाळपासून.” त्याचा आवाज जड होता, दातांच्या डॉक्टरकडून आलेल्या माणसासारखा. “तू फोन केलास? देवा, बरं झालं.”

“व्हर्लिन, तू तो सॉस खाल्लायस?”

“काल सकाळी चाखला ना. तिनं एक बरणी उघडून बघायला सांगितली. दोन चमचे. वाईट नाही.”

“तुला बरं आहे ना?”

“हो हो. जरा चष्मा बदलायला झालाय. टीव्हीवर बातम्या देणारी बाई एक आहे, मला दोन दिसतायत.” तो हसला. हसताना त्याला ठसका लागला, आणि तो लवकर थांबेना. “आणि झोप येतेय नुसती. डोळे उघडत नाहीत.”

लाडोनाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तसा चेहरा मी सेल्माबाईंचा पाहिला होता, हॉग्लंडांची गोष्ट सांगताना.

“व्हर्लिन, खुर्चीतून उठू नकोस. काही खाऊ नकोस, पिऊ नकोस. मी अॅम्ब्युलन्स बोलावते. ऐकतोयस ना? तो सॉस विषारी झालाय. मला ठाऊक होतं. माझी बरणीही वाजली होती, ईस्टरला. मी बोलले नाही. मी बोलले नाही, व्हर्लिन!”

पलीकडून त्यानं काय म्हटलं ते मला कळलं नाही. त्याची जीभ वळत नव्हती.

तिनं अॅम्ब्युलन्सला पत्ता सांगितला. एकेक अक्षर सुटं करून विषाचं नाव सांगितलं. मग चर्चला फोन लावला. तो वाजत राहिला. आख्खं गाव तळघरात बसलंय, भांड्यांचा आणि गप्पांचा गलबला, वरच्या ऑफिसातला फोन कोण उचलणार? तिनं पुन्हा लावला. मग रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडला, कोट न घालता दार उघडलं आणि धावत सुटली. सत्तरी ओलांडलेली बाई. गुडघे दुखतात तिचे.

दार अजून उघडंच आहे. थंड वारा आत येतोय, माझ्यातले चिमटे गार पडलेत. थोड्या वेळापूर्वी अॅम्ब्युलन्स आर्डिसच्या घराच्या दिशेनं गेली. इथून चर्चचा मनोरा दिसतो आणि तळघराच्या खिडक्यांमधला पिवळा उजेड. लाडोना पोचली की नाही ते कळायला मार्ग नाही. आतून हसण्याचा आवाज येतोय, एवढं मात्र ऐकू येतं. पाच वाजून गेलेत.

मला सबंध आयुष्यात एकच शब्द येत होता, आणि तोही फसवा निघाला. आता काठ फुटल्यापासून तोही येत नाही. तुम्हाला तर सगळे शब्द येतात. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवते, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी आली तर फडका काढा, भेट देणारी समोर बसली असली तरी काढा, आणि अंगठा ठेवून दाबा. टक वाजलं तर टाकून द्या. आणि का टाकलं, ते त्याच दिवशी, तिच्या तोंडावर, मोठ्यानं सांगा. ती रुसेल. रुसू दे. रुसायला ती जिवंत तर राहील.

समोर क्विस्टबाईंच्या घरात कुणी नाही. त्यांच्या ओट्यावर आत्ताच एक टिंग झालं.